पाहुण्यांना धनेश दाखवायचाय? आधी झाड शोधा

पक्षी बघायला आलेल्या पाहुण्यांना रानभर फिरवू नका. दोडामार्ग-सावंतवाडीच्या दाट झाडीत पक्ष्यामागे धावणाऱ्याला उडून जाणाऱ्या शेपट्याच दिसतात. फळं धरलेलं झाड शोधायचं आणि त्याच्यासमोर गप्प बसायचं.

त्यामुळे काम सुरू होतं आदल्या संध्याकाळी. वड, उंबर, काजरा यांच्याखाली जाऊन बघा. चोचीने फोडलेली ताजी फळं, ओली शीट दिसली तर झाड चालू आहे. नुसती सुकलेली सालं असतील तर पंगत उठली. मी पहिल्यांदा मुंबईच्या दोघांना नेलं तो उंबर चार दिवसांपूर्वीच रिकामा झाला होता. दोन तासांत एक खार आली! आता शेजारच्या काकीला विचारल्याशिवाय निघत नाही. "काल सांजेक वडार ककणेर इल्ले," एवढं तिने म्हटलं की मला पुरे.

ककणेर म्हणजे मलबारी कवड्या धनेश, तो श्रीलंकेतही सापडतो. फक्त सह्याद्रीचा म्हणावा असा धनेश म्हणजे मलबारी राखी, चोचीवर शिंगासारखा टोप नसलेला. त्याच्यासाठी उजाडायच्या आधी जागेवर पोचा आणि पाहुण्यांना आधी कान उघडे ठेवायला सांगा. कुणी खदाखदा हसत सुटल्यासारखा आवाज आला की तोच. नराची चोच केशरी, मादीची पिवळी, बुडाशी काळी. दिसला की "तिकडे, तिकडे" करत हात नाचवू नका. झाडाचं घड्याळ करा: शेंडा बारा, मग "चारच्या फांदीवर, खोडापासून हातभर". दुर्बीण लगेच लागते.

ऊन वर आलं की फुललेलं बांडगूळ गाठा. तिथे सह्याद्री सूर्यपक्षी येतो. इंग्रज अधिकारी कर्नल साइक्सने 1832 साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. सावलीत तो काळपटच वाटतो, पाहुणे हिरमुसतात. मान वळून गळ्यावर ऊन पडू द्या, लाल रंगातल्या पिवळ्या रेघा उमटतील.

धनेशाच्या ढोलीकडे मात्र कुणी कितीही पैसे दिले तरी नेऊ नका. जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत मादी आत स्वतःला लिंपून घेते आणि फटीतून नर भरवतो. खाली कॅमेरे दिसले तर तो घास घेऊन लांबच थांबतो, आत मादी-पिल्लं उपाशी. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणंही नको.

याच महिन्यांत गोचीड चावून होणाऱ्या माकडतापाचीही भीती असते. दोडामार्गात 2016 पासून रुग्ण सापडलेत. पाचोळ्यावर बसू देऊ नका, पँट मोज्यात खोचायला लावा, परतल्यावर अंगावर गोचीड आहे का ते बघायला सांगा. मेलेलं माकड दिसलं तर मागे फिरा आणि आरोग्य केंद्रात कळवा. तिलारीचं रान 2020 पासून संवर्धन राखीव आहे, तिथे वनखात्याला विचारूनच शिरा.

आणि पैसे आधीच ठरवा. "पक्षी दिसला तर द्या" अशी बोली केलीत की आठ वाजता तुम्हीच पाहुण्यांना घेऊन पक्ष्यामागे धावत असाल.