‘दारू’ आली कुठून? शब्दाचा माग काढण्याची रीत

मराठीत दारू पितातही आणि उडवतातही. शब्दाचं मूळ शोधायला बसताना ही असली विसंगती दिसली की ती टाळायची नाही, तिथूनच सुरुवात करायची. कोश नंतर उघडा. आधी कागदावर त्या शब्दाचे माहीत असलेले सगळे जोडशब्द लिहून काढा: दारूबंदी, दारूभट्टी, दारूबाज, दारूगोळा, दारूकाम, दारूखाना, दवादारू. मग त्यांचे गट पाडा. इथे तीन गट पडतात: पिण्याची, उडवण्याची आणि औषधाची. ‘दवादारू’ एकटाच पडला म्हणून त्याला खोडू नका. सगळ्यात जुना अर्थ पुष्कळदा अशाच एकट्या जोडशब्दात अडकून राहिलेला असतो.

आता मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश घ्या, १८५७ची दुसरी आवृत्ती. तो इंटरनेटवर फुकट शोधता येतो. शब्दापुढच्या कंसात मूळ भाषेचं आद्याक्षर असतं, म्हणजे संस्कृत, फारसी, अरबी किंवा हिंदी. ‘दारू’ फारसी. तेव्हा पुढचा कोश फारसीचा: माधवराव पटवर्धनांचा १९२५चा फारसी-मराठी कोश किंवा स्टाइनगासचा १८९२चा फारसी-इंग्रजी. फारसीत दारू म्हणजे औषध. इराणात आजही औषधाच्या दुकानाला ‘दारूखाने’ म्हणतात. आपल्या जुन्या मराठीतला दारूखाना मात्र स्फोटक दारूचं कोठार. औषधाचा स्फोटाशी संबंध काय, असं वाटेल. स्फोटक दारू म्हणजे सोरा (एक क्षार, पोटॅशियम नायट्रेट), गंधक आणि कोळसा यांचं मिश्रण (वजनानं साधारण ७५, १० आणि १५ भाग), आणि त्यातले सोरा-गंधक औषधांतही पडत. चिनी भाषेत तर स्फोटक दारूला ‘हुओयाओ’ म्हणतात, शब्दशः ‘आगीचं औषध’.

इथली नेहमीची चूक म्हणजे संस्कृत ‘दारु’कडे धावणं. तो दारु म्हणजे लाकूड; देवदार आणि दारुहळद त्याच्यापासून. फारसीत ‘दार’ म्हणजे झाड, आणि तो ह्या दारुचा सख्खा नातलग. पण पिण्याची दारू मराठीत आली ती फारसीच्या दारातून. लिहितानाही हा फरक पाळावा लागतो. संस्कृत शब्द समासात पहिला आला की त्याचा उकार ऱ्हस्वच राहतो, म्हणून दारुहरिद्रा. फारसी शब्दाचा दीर्घ ऊ समासात तसाच राहतो, म्हणून दारूबंदी, दारूगोळा. ‘दारुबंदी’ हे लेखन चूक. ‘दारुड्या’त मात्र रु ऱ्हस्वच, कारण तो समास नाही, दारूला प्रत्यय लागून तयार झालेला तो नवा शब्द आहे आणि त्यात रु उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, जागी येतो.

नुसत्या उच्चारावर विसंबलं की काय होतं, त्याचा नमुना म्हणजे ‘नाश करते ती नशा’. भाषणात टाळ्या मिळवणारं वाक्य, पण व्युत्पत्ती नव्हे. ह्याची चाचणी सोपी आहे. संस्कृत ‘नाश’ मराठीत रुळला तेव्हा ‘श’चा ‘स’ झाला: नासणं, नासाडी, नासकं दूध. नशा त्या रांगेत बसत नाही. तो अरबी-फारसीतून आला, आणि धुंदी ह्या अर्थाचा अरबी ‘नश्वा’ त्याच्याच घरातला. ‘शराब’ही अरबीच. मूळ धातू ‘पिणं’ एवढ्याच अर्थाचा, त्यामुळे सरबत हे तिचं सोज्वळ भावंड.

‘अल्कोहोल’बद्दल एक मजकूर मोबाइलवर फिरतो: म्हणे अरबी ‘अल्-घूल’, म्हणजे माणसं खाणारं भूत, तिथून हा शब्द आला. असा दावा आला की मधल्या पायऱ्या मागा. ‘अल्-कुह्ल’ (अरबीत सुरमा) हे खरं मूळ, आणि त्याच्या बाबतीत त्या मिळतात: सुरम्याची पूड, मग कोणतीही अतिबारीक पूड, मग शुद्ध करून काढलेलं सत्त्व, आणि सोळाव्या शतकात पॅरासेल्सस ह्या युरोपीय वैद्यासारख्यांच्या लिखाणात वाइनमधून उतरवलेलं सत्त्व. भुताच्या गोष्टीत अशा पायऱ्याच नाहीत.

संस्कृतही लागू होत नाही आणि फारसीही नाही, असं झालं तर दक्षिणेकडे बघा. ‘गुत्ता’ हा असाच शब्द. कन्नडमध्ये ‘गुत्तिगे’ म्हणजे मक्ता, तेलुगूतही ‘गुत्त’चा अर्थ जवळपास तोच. मराठवाड्यात कंत्राटदाराला आजही गुत्तेदार म्हणतात आणि त्यात दारूचा वासही नसतो. सरकार दारू विकण्याचा हक्क मक्त्यानं देत असे. मक्त्याचं दुकान तो गुत्ता झाला, आणि पश्चिम महाराष्ट्रात मूळ अर्थ विसरला गेला. ‘तळीराम’साठी मात्र कोणत्याही भाषेचा कोश नको, तो गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तल्या पात्राचा पुढे सामान्यनाम झालेला शब्द.

सगळ्यात जास्त फसवतो तो ‘व्यसन’, कारण त्याची फोड अगदी सोपी आहे: वि + अस् (फेकणं) + अन. कौटिल्यानं अर्थशास्त्राचं आठवं अधिकरणच (ग्रंथाचा भाग) त्याला दिलं आहे आणि तिथे व्याख्याही आहे: ‘व्यस्यत्येनं श्रेयस इति व्यसनम्’, माणसाला त्याच्या हितापासून दूर फेकतं ते व्यसन. पण त्याच्या यादीत राजा, अमात्य, दुर्ग, कोश ह्यांचीही व्यसनं येतात, म्हणजे संकटं. जुन्या संस्कृत मजकुरात ‘मित्राचं व्यसन’ दिसलं तर मित्र पितो असं समजू नका, तो अडचणीत आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात कामातून उपजणारी दहा व्यसनं मोजली आहेत. त्यांत मद (दारूची धुंदी) आहे, फासे आहेत, शिकार आहे, गाणं-नाचणं-वाजवणं आहे आणि दिवसा झोपणंही आहे. स्थळांच्या जाहिरातीतला ‘निर्व्यसनी’ मुलगा दुपारी वामकुक्षी करत असेल तर मनूच्या यादीत नापास. ‘वाचनाचं व्यसन’ म्हणताना आपण त्या जुन्या, ऐसपैस अर्थाच्याच जवळ असतो.

एवढं झालं की नोंद लिहा, छोटी आणि तपासता येईल अशी. अर्थ जुन्याकडून नव्याकडे लावा आणि प्रत्येकाला पुरावा म्हणून एक चालू जोडशब्द जोडा:

गुत्ता, पु. १. मक्ता, कंत्राट (गुत्तेदार, मराठवाड्यात चालू). २. दारूचं दुकान (दारूचा गुत्ता). कन्नड ‘गुत्तिगे’, तेलुगू ‘गुत्त’.