पार्मिजानो चीजचं पोषण मोजताना या चुका टाळा

मावसबहीण मिलानहून आली तेव्हा तिने आईसाठी पार्मिजानो रेज्जानोचा अर्ध्या किलोचा तुकडा आणला होता. पंधरा दिवसांत त्यातला बराचसा वाया गेला. आत पांढरे कण दिसले म्हणून बुरशी समजून एक मोठा भाग टाकला गेला. कडेची जाड साल मेणाची वाटली म्हणून तीही गेली. बाबांना दूध सोसत नाही, त्यामुळे त्यांनी चीजला हातही लावला नाही. तिन्ही गोष्टी टाळता आल्या असत्या. शिवाय हे चीज महाग असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

हे चीज तयार कसं होतं ते कळलं की निम्मे गैरसमज जातात. इटलीत पार्मा, रेज्जो एमिलिया आणि मोदेना हे प्रांत, शिवाय बोलोन्या आणि मान्तोव्हाचा काही भाग, एवढ्याच पट्ट्यात ते बनवता येतं. संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवून वर आलेली साय काढतात आणि त्यात सकाळचं पूर्ण सायीचं दूध मिसळतात. दूध तापवून निर्जंतुक करत नाहीत. आपण कालच्या दह्याचं विरजण लावतो, तसं तिथे आदल्या दिवशीच्या चीजचं आंबवलेलं पाणी तांब्याच्या कढईत घालतात. मग रेनेट (दूध साकळवणारं विकर) घालून दूध घट्ट करतात, त्या घट्ट दुधाचे बारीक कण करतात आणि सुमारे ५५ अंशांपर्यंत तापवतात. त्याची चाकासारखी मोठी चकती मिठाच्या पाण्यात मुरवून, बाहेर काढून मग किमान १२ महिने मुरत ठेवतात. सुमारे ४० किलोच्या एका चकतीला साधारण ५५० लिटर दूध लागतं. म्हणजे एका किलोत जवळपास १४ लिटर दुधाचा सारांश असतो. पाणी उरतं जेमतेम ३० टक्के.

१०० ग्रॅमचा आकडा ताटात धरणं

सगळ्यात जास्त होणारी चूक ही. १०० ग्रॅम पार्मिजानोत सुमारे ३२ ग्रॅम प्रथिनं, ३० ग्रॅम चरबी, ४०० कॅलरी आणि ११५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. हे वाचून कुणी 'पनीरपेक्षा कितीतरी सरस' म्हणतं, तर कुणी चरबी पाहून घाबरतं. पण १०० ग्रॅम पार्मिजानो खातं कोण? पनीरची भाजी करताना माणशी ७५-१०० ग्रॅम पनीर सहज लागतं आणि त्याचं निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं. पार्मिजानो मात्र चमचा-दोन चमचे किसून पडतं.

म्हणून हिशोब असा करा. किसलेला एक चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम. त्यातून प्रथिनं दीड ग्रॅम आणि कॅल्शियम ५५-६० मिलिग्रॅम मिळतं. मुलाच्या पास्त्यावर चमचाभर भुरभुरवून 'आज प्रथिनांचं झालं' असं समजू नका, वरण किंवा अंडं लागणारच. तेच ३० ग्रॅमचा तुकडा सफरचंदाबरोबर खाल्ला, तर १० ग्रॅमच्या जवळपास प्रथिनं आणि साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जातं. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद सांगते, म्हणजे तिसरा हिस्सा त्या एका तुकड्यात मिळाला. पण त्याच तुकड्यात १२० कॅलरी आणि ६ ग्रॅम संपृक्त चरबीही आहे. एवढ्याशा तुकड्याला ही चरबी कमी नाही, आणि कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाने ती मोजायलाच हवी. लोह मात्र नगण्य असतं, तंतू नाहीत, क जीवनसत्त्व नाही. ते भाजी-फळांतूनच घ्यावं लागेल.

आणखी एक फसगत चरबीच्या टक्केवारीची होते. युरोपातल्या काही चीजच्या पाकिटांवर चरबीचा टक्का 'कोरड्या अंशात' दिलेला असतो, म्हणजे पाणी वजा करून. तो आकडा आपल्या पनीरच्या पाकिटावरच्या आकड्याशी ताडून पाहू नका. दर १०० ग्रॅमचा तक्ता शोधा.

दूध पचत नाही म्हणून चीज बंद

बाबांची चूक ही होती. दूध पिऊन पोट फुगतं ते दुधातल्या साखरेमुळे, म्हणजे लॅक्टोजमुळे. पार्मिजानोत विरजणातले जिवाणू ती साखर पहिल्या दोन दिवसांतच आंबवून संपवतात. पुढे वर्षभर मुरल्यावर ती मागमूसही म्हणावी इतकीच उरते. त्यामुळे लॅक्टोज न सोसणाऱ्या बहुतेकांना हे चीज चालतं. थोड्या तुकड्याने सुरुवात करून पाहा.

पण इथे एक फरक जिवावर बेतू शकतो. दुधाची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट आहे. ती दुधातल्या प्रथिनांची असते आणि प्रथिनं तर इथे दाटून आलेली आहेत. अंगावर गांधी उठणाऱ्या किंवा श्वास लागणाऱ्या मुलाला 'यात लॅक्टोज नाही' म्हणून हे चीज मुळीच देऊ नका.

शाकाहारी समजून खाणं

पार्मिजानो रेज्जानो या नावाने विकायचं, तर वासराच्या जठरातलंच रेनेट वापरावं लागतं, नियमच तसा आहे. शाकाहार पाळणाऱ्या घरात हे माहीत असायलाच हवं. हॉटेलात पेस्तो (चीज घातलेली इटालियन चटणी) किंवा पास्ता मागवतानाही विचारा. शाकाहारी हवं असेल, तर सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटचं कडक चीज मिळतं. त्याचं नाव वेगळं असेल आणि पोषणाचे आकडेही त्याच पाकिटावरचे पाहायचे. अंडं न खाणाऱ्यांनी ग्राना पदानो या भावंडाचीही यादी वाचावी. त्यात अनेकदा अंड्यातलं लायसोझाइम नावाचं प्रथिन असतं.

डब्यातली भुकटी तीच समजणं

युरोपात 'पार्मेसान' हा शब्दही मूळ चीजसाठीच राखलेला आहे, पण अमेरिकेत तसं बंधन नाही. त्यामुळे तिथल्या मराठी घरांत येणारी हिरव्या डब्यातली भुकटी वेगळीच असू शकते. मूळ चीजमध्ये दूध, मीठ आणि रेनेट एवढंच असतं आणि कर्बोदकं शून्य. भुकटीच्या यादीत सेल्युलोज (वनस्पतींचा तंतू) किंवा स्टार्च दिसला, तर तेवढी जागा चीजची नाही. मूळ तुकडा ओळखायचा तर सालीवर ठिपक्या-ठिपक्यांनी उमटवलेली नावाची अक्षरं पाहा.

मीठ आधी, चीज नंतर

पास्ता खारट होतो तो इथे. १०० ग्रॅम चीजमध्ये दीड ग्रॅमहून थोडं जास्त मीठ असतं. पास्त्याच्या पाण्यात मीठ, सॉसमध्ये मीठ आणि वर चीज, असं तिहेरी होतं. सॉसला मीठ लावण्याआधी चीज घालून चव बघा. रक्तदाब असेल, तर सॉसमधलं मीठ पूर्ण गाळलं तरी चालतं.

पांढरे कण, साल आणि बुरशी

आत चावताना करकरणारे पांढरे ठिपके म्हणजे बहुधा टायरोसिन. मुरताना प्रथिनं तुटून मोकळी झालेली ही अमिनो आम्लं खडे धरतात. ती चीज चांगलं मुरल्याची खूण आहे, खाऊन टाका. म्हणून ३६ महिने मुरलेल्या चीजमध्ये १२ महिन्यांच्यापेक्षा पुष्कळ जास्त प्रथिनं असतात असं मात्र नाही. ती जास्त तुटलेली, पचायला सोपी असतात आणि चव तीव्र होते. जास्तीचे पैसे चवीसाठी द्यायचे.

सालीवर मेण नसतं, ते सुकलेलं चीजच आहे. वरून खरवडून, धुऊन टोमॅटोच्या सूपमध्ये किंवा राजम्यात उकळायला टाका आणि वाढण्याआधी काढा.

खरी बुरशी मऊ, केसाळ, हिरवट-निळसर असते आणि बाहेरून येते. कडक तुकड्यावर ती दिसली, तर भोवतालचा इंचभर भाग खोल कापून टाका, बाकीचा वापरता येतो. सुरी बुरशीला लागू देऊ नका. किसलेल्या चीजला बुरशी आली, तर सगळंच टाकायचं. तुकडा बटर पेपरमध्ये गुंडाळून झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा आणि लागेल तेवढंच किसा.