जुन्या मेकॅनोचे गेलेले आटे: माझा अनुभव

आमच्या इंदूरच्या घरी काकांची जुनी मेकॅनोची (धातूच्या पट्ट्या स्क्रूने जोडून मॉडेल बनवायचं खेळणं) क्रेन आहे, तिचं गिअर दांड्यावर नुसतं फिरायचं कारण पितळी बॉसमधला (गिअरच्या मधला, दांड्यावर बसणारा गोल भाग) बारका स्क्रू धरतच नव्हता. पूर्वी कोणीतरी त्यात एम४ (४ मिमीचा मेट्रिक) स्क्रू जोर लावून घुसवलेला. वरवर दोन्ही सारखेच दिसतात हो, पण मेकॅनोचे आटे ५/३२ इंच व्हिटवर्थ (आट्यांचं जुनं ब्रिटिश माप), इंचाला ३२, म्हणजे एका आट्याचं अंतर साधारण ०.७९ मिमी, आणि एम४ चं ०.७. वर आट्यांचा कोन पण वेगळा, ५५ आणि ६० अंश. पितळ मऊ, चिरडणारच!

गोंद वगैरे लावून ही कामं होत नाहीत, भोकात आटे पाडायचा टॅपच हवा. इथल्या सियागंज बाजारात विचारलं तर सगळे एम४ च काढून दाखवतात, म्हणून व्हिटवर्थचा शेवटी ऑनलाइन मागवला. टॅप हँडलमध्ये पकडून, थेंबभर तेल टाकून, अगदी सरळ धरून हातानेच फिरवला, अर्धा फेरा पुढे की थोडा मागे, म्हणजे किस तुटून बाहेर येतो, अडकला तर जोर अजिबात करायचा नाही, बारीक टॅप कट्‌कन मोडतो आणि मग तो तुकडा बॉसमधून काढणं महाकठीण. आटे बरेच शिल्लक होते म्हणून साफ झाले, पूर्ण गेले असते तर भोक मोठं करून वरच्या साइजचे पाडावे लागले असते, आणि जुन्या मॉडेलवर ते करायला माझा जीव होत नाही.

स्क्रूचेच आटे खराब असतील तर डाय (स्क्रूवर बाहेरून आटे पाडायचं हत्यार) लागते, ती अजून घ्यायचीय. एम२ चा टॅप मात्र घेऊनच ठेवलाय, रेल्वे मॉडेलसाठी, त्याला आधी १.६ मिमीचं भोक पाडायचं.