गावाकडचे मातीचे घर पुन्हा उभे करताना या चुका टाळा

पुण्या-मुंबईला नोकरी करणारी भावंडे दिवाळीला गावी जमतात, आजोबांच्या बंद घराच्या ओसरीवर बसून ‘आपण सगळे मिळून हे घर पुन्हा उभे करू’ असे ठरवतात आणि दुसऱ्याच दिवशी कोणीतरी सब्बल, म्हणजे पहार, हातात घेतो. विदर्भात वऱ्हाडापासून झाडीपट्टीपर्यंत अशी घरे मी पाहत आलो आहे. त्यांचे नुकसान पावसापेक्षा या सब्बलीनेच अधिक केले आहे. धोका वाटेल तिथे टेकू द्यावेत, छतावर ताडपत्री टाकावी, पण पहिला पावसाळा घराला अन्य कोणताही हात लावू नये. पाणी कुठे गळते, अंगणातून कोणीकडे वाहते आणि कोणत्या भिंतीला ओल कुठवर चढते, हे पाहून भिंतीवर कोळशाने खुणा कराव्यात. घाईच्या माणसांना हे पटत नाही. त्यांच्याजवळ चार दिवसांची रजा असते, त्यात त्यांना घराचे काम संपवायचे असते आणि बहुतेकदा ते घरच संपवतात.

सर्वांत मोठी आणि सर्वांत लाडकी चूक म्हणजे मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा. यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या एका मावसभावाने वडिलोपार्जित घर दुरुस्तीला काढले, तेव्हा मी पांढऱ्या मातीचा गिलावा सुचवला होता. मिस्त्री म्हणाला, “मातीले काय धरून बसले भाऊ, शिमिट मारून टाका, मंग पाहाचं काम नाही.” भावाला ते पटले. दीड हात जाडीच्या भिंतींना खिळ्यांनी कोंबडीजाळी ठोकून आतून-बाहेरून सिमेंट चढले, वरून रंग लागला, आणि गृहप्रवेशाच्या जेवणावळीत सर्वांनी मिस्त्रीचे कौतुक केले. पहिल्या पावसाळ्यात काही झाले नाही. दुसऱ्या वर्षी श्रावणात मागच्या भिंतीवर टिचकी मारली, तर ती पोकळ वाजू लागली. पोळ्याच्या सुमारास गिलाव्याचा दाराएवढा तुकडा जाळीसकट खाली आला आणि आतली माती भिजवलेल्या कणकेसारखी ओघळली. तुळईखालचा भाग खचल्यामुळे त्या रात्री सगळ्यांना शेजारच्या घरी झोपावे लागले.

कारण साधे आहे. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि उघड्या पृष्ठभागातून ती हवेत सोडते, त्यामुळे भिजली तरी ती पुन्हा सुकते. सिमेंटने ही वाट बंद होते, ओल आत कोंडते, आणखी वर चढते, सोबत क्षार आणते आणि भिंतीचा तळच मऊ पडतो. शिवाय माती आणि सिमेंट एकमेकांना धरत नाहीत. जाळी म्हणजे न जमलेल्या सोयरिकीतला मध्यस्थ असतो. ज्यांच्या घरी हे आधीच झाले आहे, त्यांनी होळीनंतर गुडघाभर उंचीचा सिमेंटचा पट्टा दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने, थोडा थोडा काढावा, भिंत नीट पाहत जावी आणि पूर्ण उन्हाळा ती उघडी ठेवावी. पंचेचाळीस अंशांचे ऊन आपल्याकडे फुकट मिळते, त्याचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा.

नव्या गिलाव्यासाठी निव्वळ काळी माती वापरू नये, कारण ती सुकताना तडकते. पांढरी माती किंवा बारीक मुरूम मिसळलेली माती, गव्हाचे कुटार (भुसा) आणि शेण एकत्र भिजवून मी निदान आठवडाभर कुजू देतो आणि रोज एकदा तुडवून घेतो. मग एकाच भिंतीवर कुटाराचे प्रमाण कमी-अधिक करून हातभर आकाराचे तीन-चार ठिगळ लावतो. जे ठिगळ सुकल्यावर तडकत नाही आणि बोटाने घासले तरी भुरभुरत नाही, तेच प्रमाण पुढे धरतो. हे ठिगळ सुकेपर्यंत थांबणे ज्यांना जड जाते, त्यांनी मातीच्या घराच्या वाटेला जाऊ नये. सेवाग्राम आश्रमातल्या १९३० च्या दशकातल्या कुटी माती, बांबू आणि कवेलूंच्याच, म्हणजे कौलांच्याच, आहेत. त्या आजही उभ्या आहेत, याचे श्रेय वर्षानुवर्षे होणाऱ्या डागडुजीला आहे. एकदा करून मोकळे होण्याचा हा प्रकार नाही.

छत एका दिवसात उघडे करू नये. मार्च-एप्रिलमध्येही विदर्भात वादळ आणि गारपीट येते, म्हणून एका वेळी एकच खण उघडावा, कवेलू फेरून, म्हणजे काढून पुन्हा नीट रचून, तो बंद करावा आणि मगच पुढे सरकावे. वानरे कवेलू फोडतात म्हणून सरसकट टिनपत्रे टाकणाऱ्यांनी मे महिन्याची एक दुपार त्या खोलीत काढून पाहावी. कवेलूंच्या ढिगाऱ्यात हात घालू नये; आधी काठीने हलवावे, कारण विंचू तिथेच असतो. भिंतीतला पिंपळ वरून छाटून काही होत नाही. मुळासकट तो काढावा आणि भोक त्याच मातीने बुजवावे.

जुन्या सागवानी मयालींना, म्हणजे छताच्या तुळयांना, चकचकीत ऑइल पेंट देणे हा गुन्हा समजावा. आधी हातोडीने ठोकून आवाज ऐकावा, दाभण टोचून पाहावे आणि उधळीचे (वाळवीचे) मातीचे बोगदे खरवडून काढावेत, मग जवसाचे तेल चोळावे. मात्र तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल सुकताना तापते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या बाहेर सुट्या पसरून सुकवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

माझ्या रागाची दुसरी जागा म्हणजे बाग. घराचे काम अवघड वाटले की पाहुणेमंडळी बागेकडे वळतात आणि नेमकी भिंतीला लागून फुलझाडे, वेली व हिरवळ लावतात, वर दररोज पाइपने पाणी सोडतात. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भिंतीच्या एका बाजूला रोज पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोरडी जमीन असेल, तर पाया दोन दिशांना ओढला जातो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. मग हीच मंडळी ती भेग सिमेंटने भरतात. आढ्याचे पाणी वळचणीलाच येणार, तेव्हा आधी वळचणीखालचे पाणी अंगणाबाहेर काढावे. मी भिंतीपासून चार हात पट्टी मुरूम आणि दगडगोट्यांची ठेवतो, तिला बाहेरच्या बाजूला उतार देतो आणि त्या पट्टीत तुळससुद्धा लावू देत नाही. यावरून माझे काकूशी दरवर्षी वाजते.

हीच पाण्याची खोड संत्र्याच्या झाडांनाही नडते. घरामागे जुनी संत्र्याची झाडे उरली असतील, तर उत्साही मित्र खोडाभोवती आळे करून त्यात पाणी तुंबवतात, आणि काही महिन्यांत खोडाची साल फुटून डिंक गळू लागतो. दुहेरी आळे करावे, खोडाजवळचे आतले आळे कोरडे ठेवून पाणी बाहेरच्या आळ्यातच सोडावे, म्हणजे पाणी मुळांना मिळते आणि खोड कोरडे राहते. नवी कलमे लावताना डोळ्याचा जोड, म्हणजे जिथे डोळा बांधून कलम केले ती जागा, जमिनीवर वीतभर तरी उघडा ठेवावा. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी यांचे बोर्डो मलम खोडाला लावावे. वाळलेली सल, म्हणजे सुकलेल्या काटक्या-फांद्या, मात्र जरूर काढावी, आणि हे काम नवख्या मित्रांना निर्धास्त द्यावे.

परसातली जुनी विहीर उपसण्याचे काम त्यांना कधीच देऊ नये. वर्षानुवर्षे न वापरलेल्या विहिरीच्या तळाशी विषारी किंवा प्राणवायू नसलेली हवा साचते. कंदील खाली सोडून तो विझतो का हे पाहण्याची जुनी रीत आहे, पण कंदील जळत राहिला म्हणजे विहीर सुरक्षित आहे असे होत नाही, कारण काही घातक वायूंनी ज्योत विझत नाही. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून पाणी उपसणे तर त्याहून वाईट, कारण त्याचा धूर आतच राहतो. हे काम अनुभवी विहीरवाल्यांनाच द्यावे. ते पंख्याने हवा खेळती ठेवूनच कमरेला दोर बांधून उतरतात आणि वर दोर धरायला माणसे ठेवतात. खाली गेलेला माणूस निपचित पडला, तर त्याच्यामागे कोणीही उडी घेऊ नये. दोर असेल तर वरूनच ओढावे आणि लगेच १०८ व ११२ या क्रमांकांवर फोन करावा.