चीनमधून माल बनवून घेताय? आगाऊ रक्कम पाठवण्याआधी या चुका टाळा

भोसरी, अंबड किंवा वाळूजच्या एमआयडीसीत हल्ली एक संवाद हमखास ऐकू येतो. "इथे दोनशे ऐंशीला पडतं ते तिकडून दोनशे सोळाला येतंय. मग इथे कशाला बनवायचं?" प्रश्न रास्त आहे. फायदा खोटा नाही. झेजियांग प्रांतातलं तायझोऊच घ्या. फवारणी पंपांचं मोठं केंद्र, आणि प्लास्टिकच्या साच्यांसाठी प्रसिद्ध असलेलं हुआंगयानही त्याच शहरात. मोटर, व्हॉल्व्ह, टाकीचा साचा, चार्जर असं सगळं थोडक्या अंतरात मिळतं. तिथली टूलरूम जो साचा झपाट्याने हातात देते, त्यासाठी आपल्याकडे बऱ्याचदा दोन-तीन ठिकाणी फिरावं लागतं. नवं उत्पादन बाजारात आणून बघायचं असेल तर ही सोय खरोखर मोठी आहे.

पण माझं निरीक्षण असं, की बाहेर काम देऊन बुडालेल्या लघुउद्योजकांपैकी फार थोडे सरळ फसवणुकीने बुडतात. बाकीचे स्वतःच्याच घाईने. आणि ती घाई जवळजवळ नेहमी पैसे पाठवण्याच्या आधीची असते. बॅटरीवर चालणाऱ्या फवारणी पंपाचं उदाहरण धरून बोलू, म्हणजे गोष्ट हवेत राहणार नाही.

कोटेशनचा आकडा हीच किंमत समजणे

12 व्होल्टचा डायफ्राम पंप, 5,000 नग, भाव 2.40 डॉलर. डॉलर 90 रुपये धरला तर 216 रुपये. इथल्या पुरवठादाराचा भाव 280. चौसष्ट रुपये वाचले म्हणून लगेच ऑर्डर?

आधी विचारा: भाव एक्स-वर्क्स आहे की एफओबी? एक्स-वर्क्स म्हणजे माल त्यांच्या कारखान्याच्या दारात. तिथून बंदरापर्यंतचा सगळा खर्च तुमचा. एफओबी म्हणजे त्यांच्या बंदरात जहाजावर चढवेपर्यंतचा खर्च भावातच. समजा तो खर्च, जहाजाचं भाडं आणि विमा मिळून नगामागे 14 रुपये आले. झाले 230. त्यावर मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के धरू (नेमका दर एचएसएन कोडवर, म्हणजे मालाच्या वर्गवारीच्या क्रमांकावर ठरतो), त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार. आकडा 249 वर गेला. मग 18 टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. तो परत क्रेडिटमध्ये मिळतो हे खरं, पण 5,000 नगांवर सुमारे सव्वादोन लाख रुपये तोवर अडकलेले असतात. न्हावा शेवा बंदरात सीएचएचं (कस्टमची कामं करणाऱ्या एजंटचं) बिल, सीएफएसचं (बंदराजवळच्या कंटेनर गोदामाचं) भाडं, कारखान्यापर्यंतचा ट्रक असे 9 रुपये. 258. त्यात चार टक्के माल रिजेक्ट निघाला तर चांगला नग 269 ला पडला. पैसे आधी गेले आणि माल तीन महिन्यांनी आला, त्याचं व्याज आणखी चार-पाच रुपये.

म्हणजे तेवीस टक्क्यांची बचत शेवटी दोन टक्क्यांवर आली. आणि इथला पुरवठादार 45 दिवसांची उधारी देत होता, खराब नग दुसऱ्या दिवशी बदलून देत होता, ते वेगळंच. हे गणित तुमच्या मालाला वेगळं उत्तर देईल, कदाचित खूप चांगलं देईल. पण ते कागदावर मांडल्याशिवाय कुणी "चीनचा माल स्वस्त" म्हणत असेल तर त्याच्याशी वाद घालू नये, चहा पाजावा आणि निघावं.

सँपल पास झालं म्हणून लॉट पास झाला असं धरणे

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. म्हणून इथे जरा थांबतो.

सँपल उत्तम येतं. येणारच, ते तुम्हाला पटवण्यासाठीच बनवलेलं असतं. पंप सुरू केला, दाब बरोबर, आवाज कमी, सगळे खूश. लॉट येतो, तोही पाण्यावर छान चालतो. माल शेतात जातो आणि दुसऱ्या-तिसऱ्या फवारणीनंतर तक्रारी सुरू होतात: दाब येत नाही, पंप हवा धरतो, नळीतून गळतं. खोलून बघितलं तर आतले व्हॉल्व्ह फुगलेले. कारण असं की सँपलमध्ये व्हॉल्व्ह व्हायटॉनचे, म्हणजे रसायनांत टिकणाऱ्या रबराचे होते, लॉटमध्ये ईपीडीएम रबराचे. दोन्ही काळे, दिसायला सारखे. पाण्याला ईपीडीएम उत्तमच, पण ईसी प्रकारच्या (पाण्यात मिसळल्यावर दुधाळ होणाऱ्या) कीटकनाशकांत झायलीनसारखी सॉल्व्हंट असतात आणि त्यांत ते फुगतं. पाण्यावर कितीही टेस्ट घ्या, हा दोष दिसणारच नाही.

यात समोरच्याची लबाडी किती आणि आपला ढिसाळपणा किती? आपल्या पीओमध्ये, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरमध्ये लिहिलेलं असतं "ॲज पर सँपल". बस्स. व्हॉल्व्हचं मटेरियल कुठेच नाही. मोटरच्या वाइंडिंगचंही तेच: तांबं हवं की तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम चालेल, हे न लिहिल्यास स्वस्तातलं येणार, असं धरूनच चाला. भाव घासताना आपण शेवटचे दहा सेंट काढले ना, ते कुठून तरी निघालेले असतात.

उपाय कंटाळवाणे आहेत, पण चालतात. प्रत्येक सुट्या भागाचं मटेरियल, माप आणि चाचणी एका पानावर लिहा. "व्हॉल्व्ह व्हायटॉन; ठरलेल्या द्रावणात इतके तास बुडवल्यावर इतक्यापेक्षा जास्त फुगता कामा नये" इतकं स्पष्ट. मंजूर सँपलचे दोन नग सीलबंद करून दोघांच्या सह्या घ्या, एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. आणि तीस टक्के आगाऊ दिल्यावर उरलेले सत्तर टक्के पैसे देण्याआधी तिथे त्रयस्थ तपासनीस पाठवा. दिवसभराच्या तपासणीला साधारण दोन-तीनशे डॉलर पडतात. पण त्याला तुमची चेकलिस्ट द्या. ती नसेल तर तो कार्टन मोजेल, स्क्रॅच बघेल, फोटो काढेल आणि रिपोर्ट देईल. व्हॉल्व्ह कापून बघायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पैसे कुणाला जातायत हे न बघणे

वेबसाइटवर कारखान्याचे फोटो आहेत म्हणजे तो कारखानदार आहे असं नाही. मधला ट्रेडर असू शकतो. ट्रेडर वाईट नसतो, लहान ऑर्डरला बऱ्याचदा तोच बरा. पण आपण कुणाशी बोलतोय हे माहीत हवं. कंपनीचं चिनी लिपीतलं नाव आणि परवान्यावरचा 18 अक्षर-अंकांचा नोंदणी क्रमांक मागा. देण्यास टाळाटाळ झाली तर विषय तिथेच संपवा. करारावर नुसती सही नको, त्या कंपनीचा अधिकृत लाल शिक्का हवा. तिकडे वजन त्यालाच आहे.

दुसरा प्रकार जास्त घातक. सहा महिने व्यवहार सुरळीत चाललेला असतो. बॅलन्स पेमेंटच्या दिवशी ईमेल येतो: "आमचं खातं ऑडिटमध्ये आहे, कृपया या नव्या खात्यात पाठवा." लेटरहेड तेच, पीआय (प्रोफॉर्मा इन्व्हॉइस) नंबर तोच, सेल्सवाल्या मुलीचं नावही तेच. पत्त्यात फक्त एक अक्षर वेगळं. कधीकधी तेही नाही, कारण मेलबॉक्सच हॅक झालेला असतो. खातं बदललं की व्हिडिओ कॉल करायचा, तोही जुन्या, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर. त्या ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे! पैसे गेलेच असतील तर त्याच तासाला बँकेला रिकॉल (पैसे परत मागवण्याची विनंती) टाकायला लावा आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. उद्यावर ढकलाल तर पैसे पुढच्या खात्यात सरकलेले असतील.

आणखी एक, जे अनेकांना उशिरा कळतं: आगाऊ पाठवलेल्या रकमेसमोर माल आल्याचा पुरावा, म्हणजे बिल ऑफ एंट्री, बँकेच्या नोंदीत जुळावी लागते. माल आलाच नाही तर पैसे जातात ते जातात, वर बँक वर्षभर पत्रं पाठवत राहते.

कॅलेंडर एकच बघणे

फवारणी पंपाचा सीझन खरिपाचा. दुकानदार मे महिन्यात माल भरतो. मग आपण म्हणतो, जानेवारीत ऑर्डर देऊ, भरपूर वेळ आहे. आणि नेमकं तेव्हाच चिनी नववर्ष येतं. 2026 मध्ये ते 17 फेब्रुवारीला होतं, 2027 मध्ये 6 फेब्रुवारीला आहे. सरकारी सुट्टी आठवडाभराची, पण कामगार गावी आधीच निघतात आणि सगळे परत येत नाहीत. कारखाना पूर्ववत व्हायला महिना जातो, आणि नव्या हातांनी काढलेल्या पहिल्या लॉटमध्ये रिजेक्शन जास्त. निंगबो बंदराहून न्हावा शेवाला जहाज तीन-चार आठवडे घेतं. खरिपाची ऑर्डर दिवाळी झाली की द्या, नाहीतर माल पेरण्या उरकल्यावर येईल.

बीआयएसबद्दल (भारतीय मानक ब्युरो) थोडक्यात: चार्जर-अडॅप्टरच्या अनेक प्रकारांना नोंदणी सक्तीची आहे आणि ती आयातदाराच्या नव्हे, बनवणाऱ्या कारखान्याच्या नावे असते. "सीई मार्क (युरोपची खूण) आहे ना" हे उत्तर कस्टमला चालत नाही. सक्तीची यादी वाढत असते, म्हणून पीओच्या आधी सीएचएला विचारा, कंटेनर निघाल्यावर नको.

हातांबरोबर डोकंही बाहेर देणे

काम बाहेर देणं आणि ते काम कसं होतं हे विसरून जाणं, यात फरक आहे. बोइंगने 787 विमानाचे मोठमोठे भाग नुसते बनवायलाच नव्हे, तर त्यांच्या डिझाइनची बरीच जबाबदारीही जगभरच्या पुरवठादारांवर सोपवली. पहिलं विमान 2008 मध्ये द्यायचं होतं, ते ऑल निप्पॉन एअरवेजला मिळालं सप्टेंबर 2011 मध्ये. मधल्या काळात, 2009 मध्ये, बोइंगला साउथ कॅरोलिनातल्या एका पुरवठादाराचा कारखानाच विकत घ्यावा लागला. त्यांच्याकडे तेवढे पैसे होते. आपल्याकडे नसतात.

लहान पातळीवर हे असं दिसतं: टाकीच्या साच्याचे पैसे तुम्ही दिले, पण ड्रॉइंगची थ्रीडी फाइल त्यांच्याकडे. कंट्रोलर कार्डचा प्रोग्रॅम त्यांचा, सोर्स कोड तुमच्याकडे नाही. दुसऱ्या वर्षी भाव वाढला की बोलायला जागाच उरत नाही. साच्याचं मालकीपत्र वेगळं करा, साच्यावर तुमच्या कंपनीचं नाव कोरून घ्या, मागू तेव्हा साचा बाहेर काढता येईल हे करारात घाला आणि फाइल्स पहिल्या पेमेंटबरोबरच मागून घ्या. ब्रँडचं नाव चीनमध्येही नोंदवा. तिथे जो आधी अर्ज करतो त्याचा हक्क सहसा धरला जातो.

आधीच अडकला असाल तर

खराब लॉट आला तर सगळे खोके फोडू नका. कार्टन नंबरसकट व्हिडिओ घ्या, करारात दिलेल्या मुदतीत लेखी कळवा, व्हॉट्सॲपवरच्या "ओके सर" वर विसंबू नका. माल परत पाठवायचं सहसा डोक्यातून काढा, जहाजाचं भाडं आणि कस्टमची कागदपत्रं यांतच उरलंसुरलं जातं. पुढच्या ऑर्डरमध्ये वजावट किंवा नुसते व्हॉल्व्ह-किट विमानाने मागवणं जास्त व्यवहार्य.

कोर्टाचं म्हणाल तर पुण्याच्या कोर्टाचा हुकूमनामा घेऊन तायझोऊत वसुली होत नाही. भारत आणि चीन दोघेही न्यूयॉर्क करारात आहेत, त्यामुळे लवादाचा निवाडा तिथे अमलात आणायला निदान कायदेशीर वाट असते; म्हणून लवादाचं कलम सुरुवातीलाच घाला. मात्र दहा-पंधरा लाखांच्या वादासाठी तो खर्चही परवडत नाही. अशा वेळी तुमच्या हातात असतं ते न दिलेलं पेमेंट. म्हणून 30-70 वर अडून बसलेल्या पुरवठादाराला पहिल्या ऑर्डरला नाही, पण दुसऱ्या ऑर्डरला 30-60-10 विचारा. शेवटचे दहा टक्के, माल इथे तपासून झाल्यावर. बरेच जण नाही म्हणतात. जो हो म्हणतो, त्याच्याकडे साचा ठेवायला हरकत नाही.