वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया: पेज आणि शहाळ्याचं पथ्य इथे कामाचं नाही, या चुका टाळा

ऑपरेशन म्हटलं की आपल्या घरांतून पथ्याची एक ठरलेली यादी बाहेर येते. पेज, गुरगुट्या भात, वरणाचं पाणी, शहाळं, साबुदाण्याची खीर, आणि भेटायला येणाऱ्यांच्या पिशवीतली मोसंबी. तापातून उठलेल्या माणसाला ही यादी ठीक आहे. ज्याच्या जठराचा पाऊण भाग काढून टाकलाय, त्याचं पोट ती भरते, पण शरीर उपाशी ठेवते. स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करणं) असो की बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडणं), घरी आल्यानंतरच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ या यादीत सापडतं. काही तक्रारी मात्र त्याआधीच, ॲडमिट होण्याच्या दोन आठवडे अगोदर सुरू झालेल्या असतात.

‘आता शेवटचं खाऊन घे’

तारीख मिळाली की निरोपाचे कार्यक्रम सुरू होतात. एक दिवस मामलेदारची मिसळ, एक दिवस कुंजविहारचा वडापाव, रविवारी सासुरवाडीला मटण. नेमके हेच दोन आठवडे सर्जन कमी कॅलरीचा आहार देतात, साधारण ८०० ते १००० कॅलरी, बराचसा प्रोटीन शेक, ताक, सूप, उकडलेल्या भाज्या. तो वजन उतरवण्यापेक्षा लिव्हरसाठी असतो. लिव्हरचा डावा भाग जठराच्या वरच्या टोकावर पसरलेला असतो आणि दुर्बिणीतून काम करताना तो उचलून धरावा लागतो. फॅटी लिव्हर जड, फुगलेलं आणि ठिसूळ असतं. उचलताना ते फाटून रक्तस्राव होऊ शकतो, किंवा जागाच दिसत नाही म्हणून शस्त्रक्रिया अर्धवट थांबवावी लागू शकते. दोन आठवड्यांच्या काटेकोर आहाराने त्यातली चरबी आणि साखरेचा साठा उतरतो, लिव्हर लहान आणि लवचीक होतं. आदल्या शनिवारी खाल्लेली बिर्याणी म्हणजे या सगळ्यावर पाणी.

याच काळात दोन सवयी बसवून घ्या, नंतर त्या शिकायला वेळ मिळत नाही. एक, घास २० ते २५ वेळा चावणं, मोबाईलवर २० मिनिटांचा टायमर लावून जेवणं. दोन, जेवताना तांब्या-भांडं ताटाजवळ न ठेवणं. पाणी जेवणाच्या अर्धा तास आधी थांबतं आणि जेवणानंतर अर्ध्या तासाने सुरू होतं.

तंबाखूबद्दल विचारलं की ‘सिगारेट ओढत नाही’ असं उत्तर येतं आणि मिश्री, गुटखा, तपकीर तोंडात राहते. निकोटीन कुठूनही गेलं तरी रक्तवाहिन्या आकसतात आणि टाके भरून यायला रक्त कमी पडतं. किमान सहा आठवडे आधी सगळं बंद हवं. बायपासमध्ये तर आयुष्यभर, कारण जोडाच्या जागी अल्सर होण्यात तंबाखूचा मोठा हात असतो.

औषधांची पिशवी रिकामी करून दाखवा

डॉक्टरांसमोर सगळं सांगितलं जात नाही. वजनासाठी आठवड्याला घेतलेलं सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइडचं इंजेक्शन लपवलं जातं, ‘इंजेक्शन चालू असताना सर्जरी कशाला’ असं ऐकावं लागेल म्हणून. या औषधांनी जठर सावकाश रिकामं होतं. तुम्ही नियमाप्रमाणे उपाशी असूनही भूल देताना पोटात अन्न असू शकतं, आणि ते उलटून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. भूलतज्ज्ञाला शेवटच्या डोसची तारीख सांगा, पुढचं ते ठरवतील.

दुसरी गोष्ट डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्यांची. त्या साधारणपणे तीन दिवस आधी थांबवतात. कमी कार्बोहायड्रेटचा आहार आणि ही गोळी सोबत चालू राहिली तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साचून ॲसिडोसिस, म्हणजे रक्त धोकादायकरीत्या आम्लधर्मी, होऊ शकतं, आणि ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली दिसत नसल्याने ते लक्षातही येत नाही. गोळी मनाने बंद करू नका, चालूही ठेवू नका. तारीख लिहून घ्या.

इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, त्याही आधी सांगायच्या. झोपेत श्वास अडकू नये म्हणून सीपॅप मशीन लावत असाल तर ते बॅगेत पहिलं जायला हवं. चार्जर आठवणीने घेणारी माणसं मशीन घरी विसरतात.

विम्यात दोन सेंटिमीटरची चूक

आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींप्रमाणे या शस्त्रक्रियेचा खर्च मिळायला वय किमान १८ आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा जास्त लागतो. ३५ किंवा जास्त असेल तर सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबणं) किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह यांपैकी गंभीर आजार आणि आधीचे सौम्य उपाय फसल्याची नोंद लागते. भारतीय शरीरयष्टीसाठी वैद्यकीय मर्यादा याहून खाली धरतात. त्यामुळे डॉक्टर ‘करायला हवी’ म्हणतात आणि विमा कंपनी ‘बसत नाही’ म्हणते, आणि आपापल्या जागी दोघंही बरोबर असतात.

चूक होते ती नोंदीत. वजन ९२ किलो आणि उंची १६२ सेंटिमीटर असेल तर बीएमआय ३५.१ येतो. जिममध्ये कधीतरी सांगितलेली १६४ फॉर्मवर गेली की तोच ३४.२ होतो आणि प्रकरण परत येतं. उंची चपला काढून, भिंतीला टाच लावून मोजून घ्या. आहार सुरू होण्यापूर्वीचं, पहिल्या भेटीचं वजन केस पेपरवर लिहिलेलं आहे ना, तेही बघा, कारण दोन आठवड्यांत चार-पाच किलो उतरलेले असतात.

घरी आल्यावरचा पहिला आठवडा

दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. घोडबंदर रोडने घरी जायचं असेल तर पोटाशी एक उशी धरून बसा, खड्ड्यांत आणि खोकताना तीच कामाला येते. पाच किलोहून जड काही चार ते सहा आठवडे उचलायचं नाही. यात पाण्याचा २० लिटरचा जार आला, गॅस सिलिंडर आला आणि ‘बाबा, कडेवर घ्या’ म्हणणारं लेकरूही आलं. लोकलच्या सकाळच्या गर्दीत कोपर लागायला एक धक्का पुरतो. शक्य असेल तर दोन-तीन आठवडे घरून काम मागून घ्या.

चालणं मात्र पहिल्या दिवसापासून. दर दोन तासांनी सोसायटीच्या पॅसेजमध्ये पाच-दहा मिनिटं, दोन आठवड्यांनी तलावपाळीची किंवा सागरविहारची सपाट फेरी. येऊरचा चढ राहू द्या. झोपून राहिलं की पोटरीत गुठळी होते, म्हणून घरी न्यायला दिलेली पोटातली इंजेक्शनं ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मध्येच सोडायची नसतात.

वाट न बघता फोन करायची लक्षणं: विश्रांतीतही नाडी १२० च्या वर, ताप, वाढत जाणारं पोटदुखणं, डाव्या खांद्यात कळ, धाप, एका पोटरीला सूज, काळी शौच. यांतली पहिलीच सर्वांत जास्त दुर्लक्षित होते. टाक्यातून गळती सुरू झाली की बरेचदा आधी नाडी पळते, दुखणं मागून येतं. घरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर नाडीचा आकडाही दाखवतं, सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा.

पाण्याचं गणित सोपं आहे, पण बसून करावं लागतं. औषधासोबत मिळणारा ३० मिलीचा पारदर्शक कप घ्या. दर दहा मिनिटांनी एक कप, तोही दोन-तीन घोटांत. तासाला १८० मिली, दहा तासांत १.८ लिटर. स्ट्रॉने हवा जाते, सोड्याने पोट फुगतं, दोन्ही नको. मे महिन्याच्या किंवा ऑक्टोबरच्या घामात हे गणित चुकलं की उभं राहताना डोळ्यांसमोर अंधारी येते, लघवी गडद होते. रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी जुन्याच डोसने चालू असेल तर आणखी लवकर. इन्सुलिन आणि मधुमेहाच्या ग्लिमेपिराइड गोळीचंही तसंच: दिवसाला पाचशे कॅलरी खाणाऱ्याला जुना डोस रात्री साखर पाडतो. डिस्चार्जच्या कागदावर नवे डोस लिहिलेले नसतील तर तिथून हलू नका.

पेजेत काय असतं?

पाणी आणि स्टार्च. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. किडनीचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील. पेजेत ती जवळजवळ नाहीत, शहाळ्यात नाहीत, साबुदाण्यात नाहीत. वरणाचं पाणी म्हणजे तर डाळ तळाशी ठेवून वरचं घेणं. पोटात जागा जेमतेम अर्ध्या वाटीची, ती यांनी भरली की प्रथिनांना जागा उरत नाही. मग शरीर स्नायू खायला लागतं. काट्यावर वजन झरझर उतरतं, घरचे खूश होतात, आणि माणूस जिना चढताना कठड्याला धरतो.

सुरुवातीला एक-दोन दिवस नितळ पातळ पदार्थ, मग सुमारे दोन आठवडे दूध, ताक, गाळलेलं सूप आणि प्रोटीन पावडर, मग दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, त्यानंतर मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं. तुमच्या सर्जनचा तक्ता थोडा वेगळा असेल तर तोच पाळा. मऊ जेवणाच्या टप्प्यावर दिवसाचा हिशेब असा बसतो: २०० मिली दुधात एक चमचा व्हे (दुधापासून केलेली प्रोटीन पावडर), साधारण ३० ग्रॅम. ५० ग्रॅम पनीर कुस्करून, ९. संध्याकाळी पाण्यातून दुसरा चमचा, २४. दोन अंड्यांचा पांढरा भाग, ७. झाले ७०. चमचा म्हणजे डब्यातला, पोह्यांचा नव्हे. दूध पचत नसेल तर आयसोलेट प्रकारचं व्हे मिळतं. मासे खाणाऱ्यांचं काम सोपं, वाफवलेल्या सुरमईच्या १०० ग्रॅम तुकड्यात २० ग्रॅमच्या आसपास येतात.

पोळी, भाकरी, पाव यांची घाई करू नका. पोळीचा घास अरुंद झालेल्या जठरात पुन्हा कणकेचा गोळा होतो आणि बसतो. मग छातीच्या मध्यभागी दाब, तोंडाला सुटलेलं पाणी, आणि थोड्या वेळाने फेसासारखी पांढरी लाळ. घरातला कोणीतरी पेलाभर पाणी पुढे करतो. ते प्यायचं नाही, गोळ्याच्या वर साचतं आणि उलटीच होते. खाणं थांबवा, उठून सावकाश फेऱ्या मारा, बहुधा अर्ध्या-पाऊण तासात मोकळं होतं. कोरडं चिकन, शेवग्याच्या शेंगा, मोसंबीची सालपटं हेही असेच अडकणारे पदार्थ. आठ आठवड्यांनंतर सुरुवात करायची तर फुलक्याच्या पापुद्र्याने करा, तोही कुरकुरीत.

गोडाने वेगळाच प्रकार होतो, विशेषतः बायपासनंतर. श्रीखंड किंवा उसाचा रस घेतल्यावर पंधरा-वीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब. याला डम्पिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी साखर खाली येऊन थरथर सुटते. तेव्हा तात्पुरती थोडी साखर घ्यावी लागते, पण वारंवार झालं तर आहार बदलायला हवा.

श्रावणातले, नवरात्रातले उपास पहिलं वर्ष तरी सोडा. भगर-साबुदाण्यावर दिवस काढणं म्हणजे पुन्हा तीच पेज. आणि चिवडा-फरसाण सहज खाली उतरतं म्हणून ते पचतंय असं समजू नका. दोन वर्षांनी वाढलेल्या वजनाचा माग काढला तर असाच एखादा डबा टीव्हीशेजारी सापडतो.

उलट्या आणि सलाईन

ही चूक सगळ्यांत महाग पडते. आठवडाभर रोज उलट्या होतायत, जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावली, बरं वाटलं, घरी आलो. रोजच्या उलट्यांनी थायमिनचा, म्हणजे बी-१ चा साठा काही आठवड्यांत संपतो, आणि अशा वेळी थायमिन न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूवर परिणाम होऊ शकतो. एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं ‘अशक्तपणा’ नसतात. उलट्या दोन-तीन दिवस टिकल्या, किंवा २४ तास पाणीही ठरलं नाही, तर ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडे जा. मध्येच दुसरीकडे जावं लागलं तर ‘बॅरिॲट्रिक (वजनाची शस्त्रक्रिया) झालंय, आधी थायमिन द्या’ एवढं वाक्य पाठ असू द्या.

गोळ्या

मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम सायट्रेट, लोह, बी-१२ आणि डी या गोळ्या कोर्सच्या नसतात, कायमच्या असतात. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलीग्रॅम, पण एका वेळी ६०० च्या वर नाही, कारण त्याहून जास्त शोषलं जात नाही. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, बहुतेकांचे परत येतात. तेलावर खर्च करण्याआधी प्रथिनं आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघा. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून दिलेली अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडची गोळी सहसा सहा महिने असते, तीही लोक दुसऱ्याच महिन्यात सोडतात.

गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून आणलेली गोळी उलटून वाचा. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉल असतं, पण सोबत आयबुप्रोफेनही असतं. डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक त्याच जातीतली. बायपासच्या जोडावर यांनी अल्सर होतो आणि तो फुटूही शकतो. नुसतं पॅरासिटामॉल चालतं.

बायकांनी १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी. बायपासनंतर तोंडी गोळीवर विसंबू नये, कारण ती नीट शोषली जाईलच असं नाही, आणि वजन उतरलं की बंद पडलेली पाळी नियमित होते. तांबी किंवा इतर उपायांबद्दल शस्त्रक्रियेआधीच विचारून ठेवा. दारू बायपासनंतर झपाट्याने चढते, एका पेगवर गाडी चालवता येईल हा जुना हिशेब आता लागू नाही.

रक्ततपासणी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, मग दरवर्षी. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये आणि त्याची झेरॉक्स पाकिटात ठेवा. त्यावर ठळक अक्षरांत लिहा: स्लीव्ह की बायपास, तारीख, सर्जनचा नंबर, आणि ‘नाकातून जठरात नळी घालण्यापूर्वी सर्जनला फोन करा’.