दात उपटणाऱ्याचे चित्र कसे पाहावे

थिओडोर रोम्बाउट्स (१५९७–१६३७) या अँटवर्पच्या चित्रकाराचे दात उपटणाऱ्या वैदूचे तैलचित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. सोलापूरहून तेथे जाणे बहुतेकांना जमणारे नसले, तरी संग्रहालयाच्या संकेतस्थळावरील प्रतिमेवरून ते बारकाईने पाहता येते. त्यासाठी मोबाइलपेक्षा संगणक घ्यावा आणि आपल्याकडचे दुपारचे ऊन खोलीत येत असेल तर खिडक्या लावून घ्याव्यात, कारण चित्राचा बराच भाग काळोखा आहे आणि चकाकीत तो हरवतो.

आधी आकार मनात धरावा. मूळ चित्र सुमारे २२० सेंटिमीटर रुंद आहे. घरातली मोठी सोलापुरी चादर लांबीकडून आडवी भिंतीशी धरली की जवळपास तेवढी रुंदी भरते, आणि मग टेबलाभोवतीची ती माणसे आपल्याच अंगलोटाची वाटू लागतात. त्यानंतर उजेड पाहावा. रोम्बाउट्स इटलीत राहून तिथल्या कॅराव्हॅज्जिओ या चित्रकाराच्या पद्धतीने रंगवायला शिकला होता, म्हणून गडद पार्श्वभूमीवर चेहरे आणि हात तेवढे उजळून निघतात.

आता टेबलावर सर्वांत जास्त वेळ थांबावे. तेथे हत्यारे आहेत आणि मोहोर लावलेले कागदही आहेत. वैदूच्या गळ्यात उपटलेल्या दातांची माळ आहे. माझ्या मते चित्राचे खरे मर्म याच वस्तूंत आहे, कारण कागद आणि माळ दोन्ही गिऱ्हाइकाचा विश्वास बसावा म्हणून मांडलेली आहेत. ‘दात उपटणाऱ्यासारखा खोटे बोलतो’ असा वाक्प्रचार फ्रेंच भाषेत आजही आहे. हत्यारांकडे पाहताना त्या काळचे पेलिकन नावाचे दात उपटण्याचे हत्यार आठवावे: त्याचा एक भाग हिरडीवर टेकवून दुसऱ्या बाजूची आकडी दाताला अडकवत आणि तरफेसारखा जोर लावून दात आडवा ओढत. ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया करण्याचे जाहीर प्रात्यक्षिक बोस्टनमध्ये १८४६ साली झाले, म्हणजे खुर्चीतला हा माणूस पूर्ण शुद्धीवर आहे.

दाताला कीड लागली असे आपण म्हणतो. युरोपातही दात किड्यामुळे पोखरतो अशी समजूत शतकानुशतके होती, आणि फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ च्या आपल्या ग्रंथात ती नाकारली.

शेवटी मधली दोन माणसे कागदाने झाकावीत आणि फक्त बघ्यांचे चेहरे न्याहाळावेत. सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, एखाद्या विक्रेत्याभोवती जमलेला घोळका ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वाकून निरखणारा, मागे रेलून ऐकणारा आणि मनातल्या मनात आपली पाळी मोजणारा असे तिघे वेगळे ओळखता येतील. चष्मा लावलेल्या म्हाताऱ्याला चुकवू नये. मग कागद काढावा आणि रुग्णाचे हात पाहावेत.